ओव्याच्या तेलाचा झोन व्हँकोमायसिनपेक्षा मोठा आला, मग ते आजोबांच्या जखमेवर लावावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही पुण्यात एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहात. प्रोजेक्टसाठी ओवा, लवंग, तुळस आणि गवती चहा अशी चार तेलं घेतलीत आणि रुग्णांच्या नमुन्यांतून मिळालेल्या एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस), क्लेबसिएला आणि स्यूडोमोनस या जंतूंवर तेलाच्या डिस्क, म्हणजे कागदी चकत्या, ठेवून पाहिल्या. एमआरएसएच्या प्लेटवर ओव्याच्या तेलाचा झोन, म्हणजे डिस्कभोवती जंतू न वाढलेली गोल जागा, ३२ मिलिमीटर आला आणि त्याच प्लेटवरच्या व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकचा १७. मग 'ओव्याचं तेल व्हँकोमायसिनपेक्षा प्रभावी' असं लिहिता येईल का आणि चारांत सगळ्यात चांगलं तेल कोणतं, हे तुम्ही विचारलंत. अगदी शेवटी एक ओळ आहे: आजोबांना मधुमेह आहे, पायाच्या जखमेच्या स्वॅबमध्ये एमआरएसएच निघाला आहे, तर हे तेल ड्रेसिंगमध्ये घातलं तर चालेल का.

मी पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गेली २२ वर्षं कल्चर बघते. अशा प्रोजेक्टचे विद्यार्थी दरवर्षी येतात आणि विषय मला मनापासून आवडतो, म्हणून सविस्तर लिहिते. पण सुरुवात तुमच्या शेवटच्या ओळीपासून करते. प्लेट फ्रिजमध्ये आठवडाभर राहील, मधुमेह असलेल्या माणसाचा पाय तसा राहत नाही.

आजोबांच्या जखमेवर तेल लावू नका. पातळ करूनही नको, खोबरेल तेलात मिसळूनही नको. ओव्यातला थायमॉल आणि लवंगेतला युजेनॉल ही दोन्ही फिनॉलच्या कुळातली रसायनं आहेत आणि उघड्या मांसाला ती भाजतात. तुम्हाआम्हाला आग झाली तर आपण लगेच पाय धुऊन टाकू. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायाच्या नसा अनेकदा बधिर झालेल्या असतात, त्यामुळे आजोबांना आग कदाचित कळणारच नाही. एका बाईंच्या घोट्यावरच्या जखमेचा नमुना आमच्याकडे आला होता. घरच्यांनी आठवडाभर लवंगेचं तेल लावलं होतं. जखमेच्या कडा पांढुरक्या आणि पचपचीत झालेल्या, जवळ जाताच पानपट्टीच्या दुकानासारखा वास. दुखत नाही म्हणजे बरं होतंय, असा सगळ्यांचा समज झाला होता. तेल बंद केल्यावर, मेलेलं मांस काढल्यावर आणि साखर आटोक्यात आल्यावर जखम भरायला लागली, पण मधले दिवस वाया गेले ते गेलेच.

दुसरं म्हणजे स्वॅब कसा घेतला होता, हे डॉक्टरांना विचारा. जखमेच्या वरवर कापूस फिरवून घेतलेल्या नमुन्यात कातडीवर नेहमी राहणारे जंतूही उगवतात. आम्ही जे उगवलं ते प्रामाणिकपणे कळवतो, पण जखम त्याच जंतूमुळे चिघळली आहे का, हे त्या कापसावरून ठरत नाही. जखम सलाइनने धुऊन, वरचा मळ आणि मेलेला थर काढून, तळाच्या मांसाचा छोटा तुकडा पाठवला तर त्या रिपोर्टवर जास्त विसंबता येतं. जखम स्वच्छ असेल, भोवती लाली, ऊब, सूज, पू यांपैकी काही नसेल, तर नुसत्या रिपोर्टवर नाव आलं म्हणून अँटिबायोटिकचीही गरज नसते. हे सगळं जखम बघणाऱ्यानेच ठरवायचं आहे, मी इथून ठरवू शकत नाही.

डॉक्टरांशी बोलाल तेव्हा आणखी चार गोष्टी काढा: पायाचा रक्तपुरवठा तपासला आहे का, जखम हाडापर्यंत गेली आहे का, गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर किती आहे, आणि चालताना जखमेवर भार येऊ नये म्हणून काय करायचं. मधुमेही पायाची जखम बहुतेक वेळा या चार गोष्टींमुळे रखडते, जंतू त्यांच्या मागून येतो. एमआरएसए हे नाव ऐकून हातपाय गाळायचंही कारण नाही. मेथिसिलिनच्या कुळातली औषधं चालत नाहीत एवढाच त्या नावाचा अर्थ. डॉक्सिसायक्लिन, को-ट्रायमोक्साझोल, क्लिंडामायसिन, लिनेझोलिड यांतलं काही ना काही बहुतेक रिपोर्टांत 'एस', म्हणजे लागू पडणारं, असतं, आणि व्हँकोमायसिन आहेच.

आता प्लेटकडे येऊ.

३२ आणि १७ या आकड्यांची तुलना करताच येत नाही. का, ते तुमच्याच डिस्कवर बघा. व्हँकोमायसिनच्या डिस्कमध्ये औषध असतं ३० मायक्रोग्रॅम. तुम्ही कोऱ्या डिस्कवर १० मायक्रोलिटर तेल टाकलंत. ओव्याचं तेल पाण्यापेक्षा थोडं हलकं, म्हणजे ते झालं साधारण ९ मिलिग्रॅम, अर्थात ९,००० मायक्रोग्रॅम. एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ९,०००. तीनशे पट माल ठेवून झोन दुप्पटही आलेला नाही.

त्यात व्हँकोमायसिनचा रेणू धिप्पाड. त्याचा रेणुभार सुमारे १,४५० आहे, थायमॉलचा १५०. प्लेटमधलं आगर, म्हणजे जंतू वाढवायची जेली, ही एक बारीक जाळीच. धिप्पाड रेणू तिच्यातून हळूहळू सरकतो, म्हणून व्हँकोमायसिनचा झोन लहानच येतो. औषध कमजोर आहे असा त्याचा अर्थ होत नाही. स्टॅफिलोकॉकससाठी व्हँकोमायसिनची डिस्क म्हणूनच ग्राह्य धरत नाहीत, एमआयसीच, म्हणजे वाढ रोखणारी कमीत कमी मात्रा, काढावी लागते. तुमच्या तक्त्यातला १७ हा आकडा मी परीक्षक असते तर तिथेच खोडला असता.

तेलाच्या झोनमध्येही घोळ आहे. तेल पाण्यात विरघळत नाही आणि म्युलर-हिंटन आगर बहुतांशी पाणीच असतं. त्यामुळे तेलाचे सगळे घटक त्यात सारखे पसरत नाहीत, काही डिस्कपाशीच बसून राहतात. उलट जे उडून जाणारे आहेत ते वाफेच्या रूपात झाकणाखाली फिरतात आणि जिथे आगरमधून कधी पोचले नसते तिथेही वाढ रोखतात. करून बघायचं असेल तर नेहमीसारखं लॉन (प्लेटभर जंतूंचा सलग थर) घाला, डिस्क आगरवर न ठेवता झाकणाच्या आतल्या बाजूला मधोमध ठेवा, प्लेट उलटी करून इन्क्युबेटरमध्ये ठेवा. डिस्क आगरला शिवलेलीही नसते, तरी सकाळी तिच्या बरोबर वर गोल मोकळी जागा दिसते. झाकण उघडलं की बाळंतिणीच्या खोलीतल्या धुरीचा वास येतो. विद्यार्थ्यांना हे पहिल्यांदा दाखवते तेव्हा त्यांच्याइतकाच आनंद मलाही होतो.

याच वाफेने माझंही एकदा नुकसान केलं होतं. नवखी असताना लवंगेच्या तेलाच्या प्लेटा आणि तेल नसलेल्या कंट्रोल प्लेटा मी एकाच रॅकमध्ये, एकाच इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी कंट्रोलवरची वाढही विरळ. आधी माध्यम बिघडलं असं वाटलं, मग कल्चर जुनं झालं असं वाटलं. वाफ लक्षात येईपर्यंत दोन आठवड्यांचं काम फेकून द्यावं लागलं. तेव्हापासून प्रत्येक तेलाच्या प्लेटा वेगळ्या डब्यात, पॅराफिल्म गुंडाळून ठेवते आणि कंट्रोल दुसऱ्या इन्क्युबेटरमध्ये. तुमच्या चारही तेलांच्या प्लेटा एकत्र होत्या असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. तसं असेल तर तुळशीच्या तेलाचा जो झोन तुम्ही मोजलात, त्यात ओव्याचा हात किती, हे सांगता येणार नाही.

तुमच्या मनातला खरा प्रश्न मला वेगळा वाटतो. जो जंतू इतक्या औषधांना दाद देत नाही, तो स्वयंपाकघरातल्या ओव्याला कसा दबतो? यात मोठं काही दडलं असणार, असं कोणालाही वाटेल. पण एखाद्या औषधाला दाद न देणं म्हणजे सगळ्याच बाबतीत बळकट असणं नाही. एमआरएसएकडे मेक-ए नावाचं जनुक असतं. त्यामुळे पेशीभिंत बांधणारं एक बदललेलं प्रथिन तयार होतं आणि पेनिसिलिनच्या कुळातली बहुतेक औषधं त्याला नीट चिकटू शकत नाहीत. क्लेबसिएलाकडे एनडीएमसारखं विकर असेल तर ते मेरोपेनेमचे तुकडे करतं. ही एकेका कुलपासाठी बनवलेली एकेक किल्ली आहे. थायमॉल त्या कुलपाकडे जातच नाही, तो थेट पेशीच्या पडद्यात घुसतो. पडदा स्निग्ध, थायमॉलही स्निग्धप्रिय. पडद्याची घडी विस्कटते, आतलं पोटॅशियम बाहेर गळतं, प्रोटॉनचा दाब उतरतो, एटीपी तयार होणं थांबतं. या वाटेवर मेक-ए आडवं येत नाही. म्हणून साधा स्टॅफिलोकॉकस आणि एमआरएसए यांच्यावर तेलाची एमआयसी जवळपास सारखीच येते. तुमच्याकडे साधा, औषधांना दाद देणारा ऑरियस असेल तर दोन्ही शेजारी लावून बघा.

हेच स्पिरिटचं आणि ब्लीचिंग पावडरचं. ७० टक्के अल्कोहोल एमआरएसएला साध्या ऑरियसइतक्याच सहज मारतं, पण ते कोणी शिरेतून देत नाही. जंतू मरतो का, हा प्रश्न सोपा आहे. जंतू मरेल आणि माणसाची पेशी शाबूत राहील, अशी मात्रा सापडते का, हा अवघड. औषध म्हणायचं की नाही हे या दुसऱ्या प्रश्नावर ठरतं, आणि तुमच्या प्लेटवर माणसाची पेशी नव्हतीच.

या बाबतीत अलेक्झांडर फ्लेमिंगचं पेनिसिलिनच्या आधीचं काम मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समधल्या बुलोनच्या इस्पितळात होता. सैनिकांच्या खोल जखमांमध्ये तेव्हा कार्बोलिक ॲसिडसारखी जंतुनाशकं सर्रास ओतत. फ्लेमिंगने दाखवून दिलं की खोल जखमेत ही द्रावणं जंतूंपेक्षा पांढऱ्या पेशींचंच जास्त नुकसान करतात, शिवाय खाचाखोचांतल्या जंतूंपर्यंत पोचतही नाहीत. कार्बोलिक ॲसिड म्हणजे फिनॉल, थायमॉलचं जवळचं नातेवाईक. हाच माणूस १९२८ मध्ये पेनिसिलिनजवळ थबकला. पेनिसिलिन जंतूची पेशीभिंत बांधू देत नाही आणि आपल्या पेशींना तशी भिंतच नसते. आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन बनायला लागलं. जंतू मारणारी रसायनं तर तेव्हा ढिगाने होती. तरी देशाने पेनिसिलिनसाठी एवढा खटाटोप केला, तो माणसाला न दुखावता जंतूला गाठणाऱ्या या गुणासाठी.

मात्रेचा हिशोब एकदा हाताने करून बघा, म्हणजे पोटातून घेण्याचा विचारही आपोआप सुटेल. स्टॅफिलोकॉकसवर थायमॉलची एमआयसी साधारणपणे मिलिलिटरला काही शे मायक्रोग्रॅम असते. ३०० धरू. व्हँकोमायसिनला २ किंवा त्याहून कमी असली तरच आम्ही 'एस' लिहितो, बहुतेकदा ती १ च्या आसपास असते. साठ किलोच्या माणसाच्या अंगात सुमारे ३६ लिटर पाणी असतं. सगळीकडे ३०० ची पातळी गाठायची तर जवळपास ११ ग्रॅम थायमॉल लागेल. ओव्यात तेल असतं २ ते ४ टक्के आणि त्या तेलात थायमॉल साधारण निम्मा. म्हणजे पाऊण किलो ओव्याचं सगळं तेल एका वेळी पोटात घ्यावं लागेल. आणि घेतलं तरी आतडं आणि यकृत मिळून थायमॉलला सल्फेट आणि ग्लुकुरोनाइड जोडून टाकतात. थाइम या थायमॉल असलेल्या वनस्पतीचा अर्क माणसांना देऊन रक्त तपासलं तेव्हा मोकळा थायमॉल सापडलाच नाही, जोडलेल्या रूपातच सापडला. लवंगेच्या तेलाचं तर ५ ते १० मिलिलिटर पोटात गेल्याने लहान मुलांना झटके आल्याच्या, शुद्ध हरपल्याच्या आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. घरात पोरंबाळं असतील तर प्रोजेक्टच्या बाटल्या कपाटात कुलूप लावून ठेवा. जेवणानंतर चिमूटभर ओवा चावणं ही अगदी वेगळी गोष्ट आहे, ती खुशाल चालू ठेवा.

माणसांवर काही झालंच नाही, असंही नाही. सगळ्यात जास्त तपासलं गेलेलं तेल टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाचं. ब्रिटनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अंगावर एमआरएसए बाळगणाऱ्या २२४ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नाकात आणि कातडीवर लावायला १० टक्क्यांचं टी ट्री क्रीम आणि ५ टक्क्यांचं अंग धुण्याचं द्रावण दिलं. दुसऱ्याला नाकात म्युपिरोसिन हे अँटिबायोटिक मलम आणि कातडीसाठी नेहमीची जंतुनाशकं. तेलाच्या गटातले ४१ टक्के रुग्ण जंतुमुक्त झाले, नेहमीच्या उपचाराने ४९ टक्के. नाकापुरतं बघितलं तर म्युपिरोसिन स्पष्टपणे सरस ठरलं, ७८ टक्के विरुद्ध ४७. हा निकाल मला आशादायक वाटतो. पण तो अंगावर बाळगलेला जंतू घालवण्याबद्दल आहे. उघडी जखम बरी होण्याबद्दल त्यातून काही सिद्ध होत नाही.

आता 'सगळ्यात चांगलं तेल कोणतं'. याचं उत्तर बाटलीवर अवलंबून आहे आणि मी ते टाळण्यासाठी म्हणत नाही. 'तुळशीचं तेल' हे एका रसायनाचं नाव नाही. जात, जमीन, काढणीचा महिना, पानं ओली होती की वाळलेली, यावर त्यातला युजेनॉल कमी-जास्त होतो. बाजारातल्या बाटलीत खोबरेल किंवा पॅराफिन मिसळलेलं असू शकतं. लवंगेचं तेल पाण्याहून जड असतं, थेंब पेल्यात सोडला तर तळाशी जायला हवा. तरंगला तर ती बाटली बाजूला ठेवा. बुडला तरी शुद्धतेची खात्री त्यातून होत नाही, पण ही तपासणी फुकट आहे. ओव्याच्या बाटलीची गंमत निराळी. डिसेंबरात पुण्यातल्या थंडीने तिच्या तळाशी पांढरे स्फटिक साचतात. तोच थायमॉल, ज्याला आपण ओव्याचं फूल म्हणतो आणि अमृतधारेत कापूर नि पुदिन्याच्या फुलाबरोबर मिसळतो. वरचं तेल पिपेटने घेतलंत तर निम्मा गुण बाटलीतच राहिला. बाटली कोमट पाण्यात धरून, स्फटिक विरघळवून, हलवून मगच तेल घ्या. शक्य असेल तर क्लेव्हेंजरवर (तेल ऊर्ध्वपातनाने काढायचं काचेचं उपकरण) स्वतः तेल काढा आणि थोडंसं जीसी-एमएसला, म्हणजे घटक ओळखणाऱ्या तपासणीला, पाठवा. घटक न सांगता दिलेले झोन दुसऱ्या कोणाला पडताळून बघता येत नाहीत.

जंतूवरही बरंच अवलंबून आहे. तुमच्या क्लेबसिएलाचे झोन लहान आले आणि स्यूडोमोनसवर जवळजवळ काहीच नाही, याने तुम्ही हिरमुसलेल्या दिसता. हा निकाल अपेक्षित आहे आणि बरोबर आहे. या दोघांसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंना पेशीभिंतीबाहेर आणखी एक पडदा असतो. त्याची बाहेरची बाजू लिपोपॉलिसॅकराइडची, तेलाला आत सहज शिरू न देणारी. स्यूडोमोनसकडे त्याशिवाय आत आलेलं बाहेर फेकणारे पंप आहेत. हा निकाल लपवू नका, तुमच्या प्रोजेक्टमधला सगळ्यात विश्वासार्ह निकाल कदाचित हाच आहे.

माझा सल्ला असा की झोन ही फक्त पहिली चाळणी समजा आणि उरलेले दोन महिने एमआयसीला द्या. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये म्युलर-हिंटन ब्रॉथ (जंतू वाढवायचं पातळ माध्यम), दर मिलिलिटरला ५ लाख जंतू, आणि तेल दर खळग्यात निम्मं-निम्मं करत नेलेलं. तेल ब्रॉथवर तरंगू नये म्हणून काही जण ट्वीन-८० (तेल पाण्यात मिसळवणारं द्रव्य) घालतात. तो सढळ हाताने घातलात तर तेलाला स्वतःतच अडकवून ठेवतो आणि एमआयसी उगाच वाढते. मी ब्रॉथमध्ये ०.१५ टक्के आगर घालते, तेवढ्याने थेंब लोंबकळत राहतात. तेलामुळे ब्रॉथ आधीच गढूळ दिसतो, तेव्हा डोळ्यांनी अंदाज न करता रेझाझुरिन हा रंग घाला. निळं राहिलं तर वाढ नाही, गुलाबी झालं तर जंतू जिवंत. वाफ शेजारच्या खळग्यात जाऊ नये म्हणून वरून सीलिंग फिल्म लावा आणि दोन तेलं एका प्लेटवर घेऊ नका. निळ्या खळग्यांतला थेंब आगरवर टाकून जंतू मेला की नुसता थांबला तेही बघा. हे सगळं वेगवेगळ्या दिवशी तीनदा. आणि दोन तेलांमध्ये एकाच पायरीचा फरक आला तर तो फरक मानू नका, या पद्धतीत तेवढं इकडे-तिकडे होतंच.

संशयाला जागा राहू नये म्हणून गुणधर्म आधीच माहीत असलेला प्रमाण जंतू सोबत हवा. एटीसीसी २९२१३ हा ऑरियस एमआयसीसाठी वापरतात. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, तुमच्या विभागाच्या पत्रावर तिथे चौकशी करा. तुमचा एमआरएसए खरोखर एमआरएसए आहे का, हेही तपासा: ३० मायक्रोग्रॅम सेफॉक्सिटिनच्या डिस्कला झोन २१ मिलिमीटर किंवा कमी यायला हवा. रुग्णाच्या नावाचं लेबल असलेल्या ट्यूबवर विसंबून दोन महिने घालवलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि शेवटी जंतू साधाच निघाला.

वेळ उरला तर मला सगळ्यात उपयोगी वाटणारा भाग करा: तेल आणि अँटिबायोटिक एकत्र. चेकरबोर्ड मांडा, म्हणजे प्लेटवर एका दिशेने तेलाची आणि दुसऱ्या दिशेने औषधाची मात्रा बदलत न्या. एकत्र असताना लागलेली प्रत्येकाची मात्रा त्याच्या एकट्याच्या एमआयसीने भागा आणि दोन्ही भागाकारांची बेरीज करा. ०.५ किंवा कमी आली तर दोघं एकमेकांना हात देतात, ४ च्या वर गेली तर पाय ओढतात. मधे कुठेही आली तर 'परिणाम नाही' असंच लिहा, '०.७ म्हणजे थोडी मदत' असं नको. तेलाने पडदा ढिला केला आणि आत शिरायला धडपडणारं औषध थोड्या मात्रेत पुरलं, असं घडू शकतं. वनस्पतींच्या तेलांचं भविष्य मला इथे दिसतं. शिवाय फरशी, उपकरणं, दाताच्या पोकळीत भरायचं युजेनॉलचं सिमेंट, गुळण्यांचं औषध, अन्न टिकवणं, म्हणजे जिथे जंतू आणि तेल समोरासमोर येतात आणि मधे रक्त, यकृत, कच्चं मांस नसतं, तिथे ही तेलं आजही कामाची आहेत.

अपुऱ्या मात्रेबद्दल एक काळजीची गोष्ट. टी ट्री तेलाच्या न मारणाऱ्या मात्रेत स्टॅफिलोकॉकस काही दिवस वाढवला तर तो काही अँटिबायोटिकांनाही कमी दाद द्यायला लागतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. 'नैसर्गिक आहे, प्रतिरोध येणारच नाही' हे वाक्य तुमच्या प्रस्तावनेत असेल तर काढून टाका.

आणि एक विचारते: एमआरएसए आणि कदाचित एनडीएमवाला क्लेबसिएला तुम्ही कॉलेजच्या उघड्या टेबलावर हाताळताय का? बायोसेफ्टी कॅबिनेट, हातमोजे आणि १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करून मगच कचरा, एवढं नसेल तर गाइडना सांगून ते काम कॅबिनेट असलेल्या प्रयोगशाळेत हलवा. घरी आजोबांची जखम उघडी आहे, त्यामुळे तुमच्या बाबतीत हे जास्तच जपायला हवं. लॅबचा ॲप्रन घरी धुवायला नेऊ नका. ड्रेसिंगच्या आधी आणि नंतर हात साबणाने नीट धुवा. आजोबांचे टॉवेल, त्यांची नखं कापायची कात्री वेगळी ठेवा.

निष्कर्ष लिहाल तेव्हा वाक्य असं ठेवा: 'अमुक घटक असलेल्या ओव्याच्या तेलाने प्रयोगशाळेत एमआरएसएची वाढ अमुक मात्रेत रोखली.' व्हँकोमायसिनचं नाव त्या वाक्यात नको.

आजोबांच्या तळाच्या मांसाचा रिपोर्ट आला की नाव-पत्ता झाकून इथे टाका. 'एस' आणि 'आर' च्या शेजारी एमआयसीचे आकडे छापलेले असतात, तेही दिसू द्या, म्हणजे डॉक्टरांना काय विचारायचं ते मला सांगता येईल. रिपोर्टची वाट बघत असताना ताप आला, जखमेला घाण वास यायला लागला, बोट काळं पडलं किंवा लाली वर सरकताना दिसली, तर रिपोर्टसाठी थांबू नका, त्याच दिवशी त्यांना रुग्णालयात न्या.